कोणाला मिळाली मुदत?

२३ ऑक्टोबर २०१७, सोमवार

डॉक्टर म्हणाले, राग आला की लिहून काढत जा, ब्लडप्रेशरला बरं असतं. मी म्हटलं, मग एका वहीत भागायचं नाही. ते हसले आणि वर गोळ्याही लिहून दिल्या. दिवाळीत कुणीतरी दिलेली ही डायरी कोरीच पडली होती, ती घेतली.

नवीन वही आहे तर ओळख करून देणं आलं. मी रमा, अमरावतीची. बरीच वर्षं कॉलेजात कॉम्प्युटर शिकवला, आता घरून ‘ओसरी’चं काम बघते. ओसरी म्हणजे आमच्या वऱ्हाडातल्या काही मास्तरांनी मिळून चालवलेला इंटरनेटवरचा वर्ग. अकरावी-बारावीची मुलं तिथं धडे बघतात, गृहपाठ टाकतात. आता ट्रॅक्टर एकच असतो, पण मागे कोणी नांगर जोडतो, कोणी फवारणीचा पंप. तसं ओसरीला मागून जोडायचं छोटं अवजार म्हणजे प्लगइन. ज्या शिक्षकाला जे सुचेल ते तो बनवून पाठवतो, आणि ते मुलांसाठी सुरक्षित आहे का, धड चालतं का, हे मी तपासते. दुसरा तपासनीस पुष्कर, अकोल्याचा. पोरगा हुशार आहे, पण लोण्याचा.

घरात मी आणि सासरे. आमचे हे नागपूरला नोकरीला, शनिवारी येतात. सासऱ्यांना सगळं गाव बापूसाहेब म्हणतं, म्हणून मीही. वकिली सोडून किती वर्षं झाली, पण उलटतपासणी सुटली नाही. घरात मुद्दाम वऱ्हाडी बोलतात. शुद्ध भाषा कोर्टात वापरून संपली म्हणतात.

आजचे मानकरी दोन. एका सरांचा प्लगइन प्रत्येक बरोबर उत्तराला बँडबाजा वाजवतो. वर्गातल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजले तर गणिताच्या तासाला नवरदेवच यायचा बाकी राहील. दुसरा दिसायला सोज्वळ, शुद्धलेखन सुधारून देणारा, पण आतून मुलांचे मोबाइल नंबर गुपचूप कुठल्याशा शिकवणीवाल्याकडे पाठवत होता. त्याला असा धुतला की परत नाव काढणार नाही.

आमच्याकडे तपासणीचा शेरा प्लगइनच्या पानावरच लागतो, बनवणाऱ्याच्या नावाखाली, सगळ्यांना दिसेल असा. ही पद्धत मीच पाडली. एकाला बोललं की दहा सावध होतात. माझे शेरे लोक हौसेनं वाचतात म्हणे. पुष्करनं सांगितलं तेव्हा बरं वाटलं.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

पार्बताबाई कामाला येत नाहीयेत. वलगावकडे कापूस वेचायला जातात. यंदा बोंडअळीनं नुसता उच्छाद मांडलाय. किडकी बोंडं सोडवून सोडवून वेचायला वेळ फार लागतो, बायका पुरत नाहीत, म्हणून शहरातूनही ऑटो भरभरून नेतात. भांडी मीच घासली. कॉलनीतल्या दोघी-तिघी विचारत होत्या पार्बताबाई कुठे म्हणून, त्यांना सांगून टाकलं की वेचणीला गेल्यात, वाट बघू नका.

एक चांगला प्लगइन आला आज, ‘मुदत’ नावाचा. बनवणारे शफीक सर, दर्यापूरच्या कॉलेजात गणित शिकवतात. ओसरीवर गृहपाठाची तारीख अख्ख्या वर्गाला एकच असते. ती चुकली की शून्य, आणि तीनदा चुकली की खातं आपोआप बंद, सत्राचे गुण गेले. त्यात वर्ग सामायिक, एकाच वर्गात अमरावती, अकोला, दर्यापूर सगळीकडची मुलं. एकट्यादुकट्यासाठी तारीख पुढे ढकलायची सोयच नाही. शफीक सरांनी ती केली. मुलाच्या नावावर टिचकी मारली की त्याला पंधरा दिवस जास्त, आणि नावापुढे फुटलेल्या कापसाचं एक छोटं बोंड उमटतं. इतकं गोजिरं काढलंय की मी उगीचच दोन-तीनदा टिचकी मारून बघितली.

प्रोग्रॅमही नीटनेटका. मधेमधे मराठीत टिपा, ‘इथं तारीख वाढते, सांभाळून’ अशा. बहुतेक मंजूर करीन.

२८ ऑक्टोबर, शनिवार

नाही केला.

तपासणीसाठी माझा एक खोटा वर्ग आहे. त्यात विद्यार्थी म्हणून घरचीच नावं घातलीत. आज विद्यार्थी बापूसाहेबांना मुदत दिली आणि खऱ्या बापूसाहेबांना लॅपटॉपसमोर बसवलं.

चष्मा वर सारून त्यांनी यादी वाचली. “हे काय लावलं माह्या नावापुढं?”

“बोंड. तुम्ही वेचणीला गेलात ना, म्हणून मुदत मिळाली.”

“हे मले एकट्याले दिसते का सगळ्या वर्गाले?”

बघितलं, तर सगळ्या वर्गाला.

“मंग अकोल्याच्या पोट्ट्याईले समजलं न, बापूसाहेब मजुरीले जाते म्हणून. मजुरीची शरम नाई मले. पण कोणाले सांगाचं अन कोणाले नाई, ते मी ठरवीन. तू कोण टिचकी मारणारी?”

मी गारच झाले. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. बोंड बघून भाळले, दुसरं काय! राग आला तो असा दुहेरी, थोडा स्वतःचा आणि बाकी सगळा शफीक सरांचा. शेरा लिहिला: “बोंड दिसायला गोड आहे. पण कोण मजुरीला जातं हे साऱ्या वर्गाला सांगणाऱ्या या सरांना खाजगी माहिती कशाशी खातात हे ठाऊक नसावं. परत.”

‘कशाशी खातात’ हे जमून आलंय. वाचून हे सुद्धा हसले, आणि हे सहसा हसत नाहीत.

३० ऑक्टोबर, सोमवार

शफीक सरांचा फोन. आवाज मऊ, पण माणूस चिवट.

“मॅडम, तुमचा शेरा वाचला. पण मले एक सांगा, आमच्या गावात वेचणीले कोण जाते हे काय लपून राह्यते? सकाळी ट्रॉलीत बसतात तवा सारं गाव पाह्यते. मास्तरची पोरगी जाते, सरपंचाची सून जाते. याच्यात लपवासारखं काय हाय?”

“सर, तुमच्या गावात नाही. पण वर्गात फक्त तुमचं गाव आहे का? अकोल्याच्या बंगल्यातली मुलगी यादी बघते, तेव्हा तिला काय दिसतं?”

 

“हे माह्या डोक्यातच नाई आलं,” ते म्हणाले. मग सांगू लागले, की हे सगळं सुरू झालं एका मुलीमुळे. कहकशाँ नाव, बारावीला, गणितात वर्गात पहिली. बहुतेक दिवस कॉलेज बुडवून आईबरोबर वेचणीला जाते, अंधार पडता घरी येते. दोन गृहपाठ चुकलेत. तिसऱ्याची तारीख तीस नोव्हेंबर. तो चुकला की खातं बंद. “तिचे गुण गेले तं पुढं नर्सिंगले नंबर लागाचा नाई, मॅडम. घरातून तं शिक्षण बंदच करतीन मंग.”

मी म्हटलं, मग लवकर दुरुस्त करा, मी त्याच दिवशी तपासते. ते म्हणाले, करतो. शेवटी हसून म्हणाले, “आमच्या इथं साऱ्याईनं वाचला तुमचा शेरा. पोट्टेही लय हसले.”

बघा! दर्यापूरपर्यंत वाचतात.

६ नोव्हेंबर, सोमवार

दुसरी आवृत्ती आली. बोंड गेलं. मनात म्हटलं, झालं एकदाचं. मग टिचकी मारली, तर खोट्या वर्गातल्या झाडून सगळ्या मुलांना निरोप गेला: “बापूसाहेब यांना वेचणीसाठी मुदतवाढ देण्यात आली आहे.” देवा रे! म्हणजे खिडकी लावून घेतली आणि दार सताड उघडं. दोन चुका परवडतात, पण तीच चूक दोनदा?

शेरा: “बोंड काढलं आणि दवंडी पिटली. मुलांना शिकवण्याआधी सरांनी थोडं स्वतः शिकून घ्यावं. परत.”

पार्बताबाई आज आल्या. आल्या त्या फुरंगटूनच. कुकर असा आपटला की शिट्टी उडून पडली. विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, “तुमाले साऱ्या कॉलनीले सांगाची काय गरज होती बाई? म्या सगळ्याईले भाच्याचं लगन सांगतलं होतं.” मी म्हटलं, अहो, खोटं कशाला सांगायचं, चोरी केलीत का?  चहाही घेतला नाही. काय बिनसलंय कळत नाही.

९ नोव्हेंबर, गुरुवार

पुष्करचा फोन. इकडचं तिकडचं झालं. अकोल्यात म्हणे जिनिंगवाले ओला आणि किडका कापूस घ्यायला तयार नाहीत, त्याच्या मामांनी उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या पिकात, गाई सोडल्या. मग चाचरत म्हणाला, “ताई, शेरे जरा हळू लिवत जा न.”

“हळू लिहिलं की लोक हळू वाचतात.”

“तसं नाई. चूक दाखवाचीच. पण माणूस—”

“पुष्कर, पोरांच्या सुरक्षिततेत माणूस-बिणूस नसतो. तू लोणी आहेस.”

“बरं ताई,” म्हणाला. गुणी आहे, ऐकतो.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

आठवडा उलटून गेला, शफीक सरांचं काही नाही. प्लगइनच्या पानावर आठवण टाकली: “सर, झोपलात का?” उत्तर नाही. फोन केला, उचलला नाही. आज बघते तर पानच नाही! पुष्कर म्हणाला, सरांनी ‘मुदत’ काढून घेतला.

असा संताप आला! एवढं पोरीचं भवितव्य डोक्यावर टांगलंय आणि हे रुसून बसले? लहान आहेत का? तीस तारीख आली की कहकशाँचं खातं बंद होणार, यांच्या मानापमानाशी त्या यंत्राला काय देणंघेणं! बापूसाहेबांपुढे सगळं बडबडले. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “पक्षकार कोर्टात येनं बंद करते तवा वकिलानं त्याच्या घरी जाऊन पाह्यलं पायजे. कधीकधी वकीलच कारण असते.”

कोणता वकील, विचारलं, तर म्हणे सहज बोललो. काहीही बोलतात अलीकडे. पण घरी जाण्याचं म्हणणं पटलं. सोमवारी दर्यापूरला जाऊन शफीक सरांचा कान पकडते.

२० नोव्हेंबर, सोमवार

सकाळची बस धरली. वलगावच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी उभी, पण बोंडं काळपट. एका वावरात ट्रॅक्टर सरळ उभ्या पिकातून फिरत होता. माझ्या शेजारची बाई डब्यातून शंकरपाळे काढून मला देत म्हणाली, घ्या न बाई, दिवाळीचे हाय, संपता संपत नाई. कडक झाले होते, पण खाल्ले. बोलता बोलता दर्यापूर आलं.

कॉलेजच्या आवारात नळापाशी एक मुलगी बाटली भरत होती. विचारलं, “शफीक सर कुठे भेटतील ग?”

“कोणते? कशाशी खातात सर?” म्हणाली आणि जीभ चावली. “सॉरी मॅडम. सगळे म्हनतात तं तोंडात बसलं.”

“काय म्हणतात?”

“ते नाई का, इंटरनेटवर एका मॅडमनं लिवलं सरबद्दल. अमरावतीची हाय म्हनते कोणी, लय खडूस. तवापासून डबा खाताना दुसरे सर लोकं इचारतात, या कशाशी खातात सर, आज भाकर कशाशी खाता? पोट्टेही मागून वरडतात. सर आधी हसत होते. आता डबाच आणत नाई.”

 मी तिथंच उभी. बाटली भरून पाणी वाहत होतं, तेही तिच्या लक्षात नव्हतं.

“चला, नेतो मी तुमाले. काय नाव सांगू?”

“रमा. तुझं?”

“कहकशाँ.” दोन पावलं गेली आणि थबकली. पोरगी हुशारच. माझ्याकडे वळून तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं. “तुमी त्याच मॅडम हाय?”

“हो.”

“पण तुमी तं सरले म्हटलं होतं न, कोणाचं काई सगळ्याईसमोर सांगाचं नसते म्हणून?”

ती उद्धटपणानं नव्हती बोलत. तिला खरंच विचारायचं होतं.  लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत लाज वाटली. त्या क्षणी पार्बताबाईंनी कुकर का आपटला तेही एकदम कळलं, आणि पुष्कर काय सांगत होता तेही, आणि बापूसाहेबांचा तो वकील कोण तेही. सगळ्यांना ठाऊक होतं. मी एकटीच मठ्ठ!

शफीक सर प्रयोगशाळेत एकटे बसले होते. वाटलं होतं त्यापेक्षा तरुण. मला बघून उठून उभे राहिले, खुर्ची पुसून दिली. मी म्हटलं, सर, आधी मला बोलू द्या, मी कान पकडायला आले होते, आता स्वतःचा धरते. तुमची चूक मला तुम्हाला सांगायची होती, दर्यापूरला नाही. ते “असू द्या न मॅडम” म्हणत राहिले.

“तिसरी आवृत्ती करा. मी इथंच बसते.”

“ते तं कवाची तयार हाय.”

“मग पाठवली का नाही?”

ते टेबलाची कड नखानं खरवडत राहिले. “पोट्टे हसले तवा मीही हसलो. सोबतचे हसले, चालते. पण त्या रोजी माही लेक इचारते, अब्बू, तुमाले प्रोग्रॅम नाई येत का? तिसरीत हाय ते. मंग म्या काढून टाकला. माह्या नावाखाली आता काईच नको, मॅडम. पायजे तं तुमच्या नावानं टाका.”

मला रडू आलं, आणि मला रडू आलं की राग येतो. “नाव तुमचंच लागेल,” मी जवळजवळ ओरडलेच, “आणि माझं त्याच्या खाली लागेल. काढा कॉम्प्युटर!”

दोघं मिळून बसलो. तिसरी आवृत्ती खरंच छान होती. ज्याला मुदत त्यालाच त्याची तारीख दिसते, इतरांना काही नाही. एकच खटकलं. मुदत देताना शिक्षकानं कारण निवडायचं होतं: वेचणी, सोंगणी, आजारपण, घरचं. मी विचारलं, हे कारण पुढे वाचतं कोण? सर विचार करून म्हणाले, कोणीच नाई. मग ठेवायचं कशाला? पुसून टाकलं. सर म्हणाले, “कारण पोरगी मले सांगते. कॉम्प्युटरले कायले पायजे!” मग आमची अशी काही गट्टी जमली की एकमेकांच्या ओळी खोडून भांडायलाही लागलो.

मधल्या सुट्टीत सरांना जवळजवळ ओढतच शिक्षकांच्या खोलीत नेलं. सगळे डबे उघडून बसलेले. मी म्हटलं, मी अमरावतीची खडूस मॅडम. शेरा मी लिहिला. सरांचं काम चांगलं होतं, चूक दुरुस्त होण्यासारखी होती, आणि माझं लिहिणं हलकट होतं. ते आज काढून टाकतेय.  मग गोवर्धन सर म्हणून एक दांडगे गृहस्थ, तेच चिडवणाऱ्यांत पहिले असावेत, स्वतःचा डबा शफीक सरांपुढे सरकवत म्हणाले, “घ्या सर, वांग्याची भाजी हाय. चूप खा.” खोलीत हशा झाला, पण तो वेगळा होता.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

शेरे काढले. शफीक सरांचे आणि बाकीचेही. वाचता वाचता काढत होते. काही अजूनही चांगले वाटले, तरी काढले. पुष्करशी बोलून ठरवलं: चूक सापडली की आधी बनवणाऱ्याला फोन, मग लेखी, तेही त्याला एकट्याला. पानावर फक्त मंजूर झाल्यावर लिहायचं. मुलांचे नंबर पळवणाऱ्यासारखा लबाड निघाला तर मात्र उघड. एवढी सवलत मी हट्टानं ठेवून घेतली.

ज्यानं बनवलं त्यानंच तपासायचं नाही हा नियम, म्हणून ‘मुदत’ आता पुष्करकडे.

पार्बताबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, जाऊ द्या बाई, तुमचं तोंडच तसं हाय. चहा मात्र घेतला. दोनदा.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

पुष्करचा फोन. “ताई, बसल्या हाय का? एक चूक सापडली. तुमच्या भागात.”

“माझ्या? शक्य नाही.”

“प्लगइन जोडला की प्रत्येक वर्गात एक नवीन विद्यार्थी दाखल होऊन राहिला. बापूसाहेब नावाचा.”

अवं बाप्पा! दर्यापूरला तपासणीसाठी प्रोग्रॅममध्ये घातलेलं नाव मी काढायलाच विसरले! पुष्करनं आपल्या खोट्या वर्गांत जोडून बघितलं, तर भौतिकशास्त्राला बापूसाहेब, जीवशास्त्राला बापूसाहेब, अकरावीच्या मुलींच्या वर्गात सुद्धा बापूसाहेब. ही चूक माझ्या हाताखालच्या विद्यार्थ्यानं केली असती तर मी त्याला उभं केलं असतं.  पुष्कर आता काय लिहील, आणि ते दर्यापूरच्या शिक्षकांच्या खोलीत डब्याबरोबर कसं वाचलं जाईल, सगळं डोळ्यांपुढे आलं.

“शेरा काय लिहिणार आहेस?” मी विचारलं. आवाज माझा मलाच बारीक वाटला.

“कायचा शेरा? आधी फोन ठरला होता न आपला? करा दुरुस्त, मी वाट पाह्यतो.”

फोन ठेवल्यावर हायसं वाटलं ते इतकं, की दोन मिनिटं काही सुचेना. लोणी म्हणत होते याला मी! बापूसाहेबांना सांगितलं, तर ते खूश. जीवशास्त्र राहू दे म्हणाले, शिकायचं राहूनच गेलं होतं.

२७ नोव्हेंबर, सोमवार

‘मुदत’ मंजूर! पुष्करनं पानावर लिहिलं: “बनवणारे: शफीक सर, दर्यापूर. साहाय्य: रमा. सुरक्षित. काम फार चांगलं.” मी तो शेरा बापूसाहेबांना वाचून दाखवला, मग पार्बताबाईंना, मग ह्यांना फोनवर. शफीक सरांनी कळवलं, लेकीला पान दाखवलं, तिनं नाव बोट ठेवून वाचलं.

तीस तारखेला आता तीनच दिवस उरलेत. सरांनी टिचकी मारली असेल ना? माणूस भोळा आहे, विसरायचा. विचारायला फोन उचलला आणि ठेवला. सारखं मागे लागणं बरं दिसत नाही.

२ डिसेंबर, शनिवार

तारीख परवा संपली. काल दिवसभर धीर धरला, आज नाही राहवलं. सकाळीच ओसरी उघडून गणिताच्या वर्गात गेले. कहकशाँचं नाव आहे. खातं सुरू आहे! खुर्चीतच एक गिरकी घेतली.

मग वाटलं, सुरू आहे ते कशामुळे? सरांनी मुदत दिली, का पोरीनं वेचून आल्यावर बसून गृहपाठ वेळेत टाकला? आणखी कोणाला मिळाली मुदत? विद्यार्थी होऊन बघितलं, काही दिसलं नाही. दुसऱ्या कॉलेजची शिक्षिका होऊन बघितलं, तरी नाही. तपासनीस म्हणून मला जरा आतलं दिसतं, तिथून बघितलं. सगळी नावं सारखी, एकापुढेही खूण नाही, तारीख नाही, कारण नाही. आडवं पडून, उलटं फिरून, जे जे येतं ते सगळं केलं. काही म्हणजे काही कळेना.

शेवटी फोन लावला. मागे गलका होता, डब्याची वेळ असावी. सर काहीतरी चावत बोलत होते.

“सर, एकच विचारते. कहकशाँला मुदत दिली होती का तुम्ही?”

चावणं थांबलं.

“ते नाई सांगता येत, मॅडम.”

“अहो, मला? मी तपासनीस आहे ओसरीची!”

“म्हणूनच तं,” शफीक सर म्हणाले. “ते तिचं अन माहं हाय.”

 फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाहेरून बापूसाहेब ओरडले, “काय झालं व रमा? कोणाचा फोन होता?”

सांगितलं नाही.